सही वारसनोंदीची, कागद हक्कसोडपत्राचा

"बाई, शुक्रवारी ये. वारसनोंदीच्या सह्या करायच्यात. आधार आणि दोन फोटो घेऊन ये." दादाचा हा मेसेज मला 23 मे 2017 ला आला. तेव्हा तो वाचून मी लगेच एसटीचं बुकिंग केलं होतं. पुढे कोर्टात हाच मेसेज माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

अण्णा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. सोलापूर जिल्ह्यात आमची 3 हेक्टर 24 आर जमीन, म्हणजे आठ एकर. मागे आई, दादा, आक्का आणि मी. आक्का सगळ्यात थोरली, चौथीपर्यंत शिकलेली, सासर शेजारच्याच तालुक्यात. मी शेंडेफळ, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, राहायला सातारा जिल्ह्यात. जमिनीचा विषय अण्णा असताना कधी निघाला नाही आणि अण्णा गेल्यावरही माझ्या मनात आला नाही. दादा शेत बघतो, आई त्याच्याजवळ आहे, एवढं मला पुरेसं होतं.

शुक्रवारी सकाळी गावी पोहोचले. वहिनींनी पोहे केले होते. दादानं गाडी सांगून ठेवली होती. आई, आक्का, मी आणि ओळख द्यायला एक चुलते, असे सगळे तालुक्याला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. लग्नसराईचे दिवस होते, नोंदणीला गर्दी होती. बाहेरच्या टपरीवर दस्तलेखनिकाकडे कागद तयारच होता. दादा म्हणाला, "वारस लावायचा कागद आहे, चौघांची नावं लागतील." पानांच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. आक्कानं अंगठा दिला, कारण तिला सही करायला वेळ लागतो आणि मागे लोक खोळंबले होते. मी सह्या केल्या. सहा पानं होती. एकही वाचलं नाही.

आत गेल्यावर छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "दस्त मान्य आहे?" मी "हो" म्हटलं. मला वाटत होतं मी अण्णांची वारस आहे हे मान्य करतेय. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, ते अण्णांच्या आठवणीनं असेल असं मला वाटलं. आज मला तसं वाटत नाही.

एक गोष्ट तेव्हा मला माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. वारसनोंद करायला दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. ते काम तलाठ्याकडचं. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यायचा, तो गाव नमुना 6-क म्हणजे वारस नोंदवहीत चढतो, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. यात कुठेही अंगठ्याचं यंत्र नाही, कॅमेरा नाही, मुद्रांक नाही. मी बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, पण सातबाऱ्यावर नाव कसं चढतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षं काहीच कळलं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये गावातल्या माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. राष्ट्रीय महामार्ग रुंद होतोय, मोजणी झाली, तुमच्या गटातली जवळपास तीस आर जमीन जातेय, तुला पण पैसे येतील, असं ती सहज बोलून गेली. रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर महाभूलेखचं, म्हणजे सातबारा दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचं, पान उघडलं आणि गट नंबर टाकला. भोगवटादाराच्या रकान्यात दादाचं नाव होतं. त्याखाली आईचं, आक्काचं आणि माझं नावही होतं, पण कंसात. सातबाऱ्यावर कमी केलेलं नाव कंसात जातं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, "हे कंस कशाचे?" ह्यांनी एकदा बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून गेले. माहेरी न जाता सरळ तालुक्याला. तलाठी कार्यालयातून दोन्ही फेरफारांच्या नकला काढल्या. पहिला वारसाचा, त्यात आमची चौघांची नावं लागली होती. दुसरा त्यानंतर सव्वा महिन्याचा, त्यात तिघींनी नोंदणीकृत दस्तानं दादाच्या लाभात हक्क सोडल्याची नोंद. हा दुसरा फेरफार धरताना आम्हाला नमुना 9 ची नोटीस द्यायला हवी होती. नोटीस निघाली होती, पण तिघींचाही पत्ता गावातल्या घराचा होता आणि पोच वहिनींच्या सहीची. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही म्हणून नोंद प्रमाणित झाली.

मग दस्ताची प्रमाणित नक्कल घेतली. ती हातात आली तेव्हा मी कार्यालयाच्या पायरीवर बसून सहाही पानं वाचली. "मला माझ्या वडिलांच्या मिळकतीत हिस्सा नको आहे. माझ्या लग्नात वडिलांनी पुरेसा खर्च केलेला आहे. मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, बंधूप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता..." शेवटी "दस्त वाचून पाहिला, समजून घेतला" असं होतं आणि त्याखाली माझी सही, शाळेच्या हजेरीवर करते तशीच, नीट वळणदार. दस्तासोबतच्या नोंदणीच्या पानावर, गोषवारा भाग दोनमध्ये, आमचे तिघींचे फोटो. आक्का कॅमेऱ्याऐवजी बाजूला बघतेय. मी हसतेय. त्या फोटोकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. आपली फसवणूक होत असतानाचा आपला फोटो सरकारी कागदावर असतो, आणि त्यात आपण हसत असतो, हे मला आजही सहन होत नाही.

मुद्रांक शुल्क होतं दोनशे रुपये. वडिलोपार्जित मिळकतीत भावाबहिणींमध्ये हक्क सोडायला तेव्हा तेवढंच लागायचं.

दादाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, तुला सांगितलं होतं, तू विसरलीस. मग म्हणाला, सगळ्याच बहिणी सोडतात, तुला सरकारी पगार आहे. शेवटी म्हणाला, "बाई, तुला काय कमी पडलं तर मी बसलोय की." या तिसऱ्या वाक्यानं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खोटं नव्हतं. अडीअडचणीला तो धावून आलेला होता, माझ्या मुलाच्या आजारपणात आठ दिवस दवाखान्यात झोपलेला होता. तरी जे त्याला मागून मिळालं असतं ते त्यानं न मागता, न सांगता काढून घेतलं. त्यानं समोर बसून "बाई, तुझा हिस्सा मला दे" असं म्हटलं असतं तर मी कदाचित दिलाही असता. मग मी चिडले कशासाठी, हे मी स्वतःलाच अनेक रात्री विचारलं. उत्तर एकच यायचं, की देणारी मी होते आणि मलाच विचारलं गेलं नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या खात्यात त्याच्याकडून पन्नास हजार जमा झाले. मेसेज होता, "दिवाळीची ओवाळणी आधीच." तोपर्यंत मी एका वकीलबाईंना भेटले होते. त्यांना सांगितल्यावर त्या खुर्चीतून पुढे झुकून म्हणाल्या, "आजच परत पाठवा. खात्यावरूनच पाठवा, रोख नको, म्हणजे नोंद राहील." फसवणूक कळल्यानंतर त्याच व्यवहारातला फायदा ठेवून घेतला तर कायदा म्हणतो, तुम्ही व्यवहार मान्य केलात. रद्द करण्याचा तुमचा पर्याय तिथे संपतो. त्या दुपारीच मी पैसे परत पाठवले. मला अजून वाटत नाही की दादानं ते डाव म्हणून पाठवले होते. पण ते माझ्या खात्यात राहिले असते तर कोर्टात त्याचा अर्थ तोच निघाला असता.

कायदा मी वकीलबाईंच्या ऑफिसात बसून शिकले. भारतीय करार कायदा 1872 चा, त्यातली चार-पाच कलमं माझ्या वहीत अजून आहेत. कलम 14 सांगतं संमती मुक्त कधी म्हणायची. कलम 17 मध्ये लबाडी, कलम 18 मध्ये चुकीची माहिती देणं. फरक मनाचा आहे. सांगणाऱ्याला स्वतःलाच ते खरं वाटत असेल आणि ते चुकीचं निघालं, तर ते 18. खोटं आहे हे ठाऊक असून समोरच्याला फसवायला सांगितलं, तर ते 17. आणि 19 म्हणतं, अशी संमती घेतलेला करार फसवल्या गेलेल्या माणसाच्या मर्जीनं रद्द होऊ शकतो. "होऊ शकतो" हे शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केले. तोवर तो करार जिवंत. तोवर सातबाऱ्यावरचा मालक दादा. मधल्या काळात त्यानं ती जमीन कुणा अनभिज्ञ माणसाला पैसे घेऊन विकली, तर त्या माणसाला बाजूला काढणं फार अवघड. आणि महामार्गाला लागून राहिलेल्या जमिनीला गिऱ्हाईक फिरायला लागलं होतं, हे मैत्रिणीनं मला आधीच सांगितलं होतं.

त्यांनी मला एक जुना निकाल समजावून सांगितला, निंगव्वा विरुद्ध बैराप्पा, सर्वोच्च न्यायालयाचा, 1968 चा. विजापूर जिल्ह्यातली बाई, वडिलांकडून आलेली जमीन. 1938 मध्ये नवऱ्यानं तिच्याकडून बक्षीसपत्र करून घेतलं. ती समजत होती दोन जमिनी दिल्या, कागदात आणखी दोन घातल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं तिथे एक रेघ आखून दिली. कागद कोणत्या जातीचा आहे हेच खोटं सांगितलं, तर तो मुळातच शून्य. जात खरी सांगितली पण आतला मजकूर खोटा सांगितला, तर तो शून्य नाही, रद्द करण्यासारखा आहे, आणि रद्द करायला मुदतीत यावं लागतं. निंगव्वाला काही दिवसांतच कळलं होतं, ती वेळेत आली नाही, आणि हरली. विजापूर आमच्या सोलापूरहून दोन-अडीच तासांवर आहे. मी त्या बाईचा विचार बरेच दिवस करत होते. कळलं तरी नवऱ्याविरुद्ध कोर्टात जायचं म्हणजे त्या काळात काय असेल.

आमच्या बाबतीत कागदाची जातच खोटी सांगितली होती. वारसनोंद म्हणून हक्कसोड. म्हणजे दस्त मुळातच शून्य, असं आमचं पहिलं म्हणणं. पण वकीलबाईंनी केवळ त्यावर विसंबायला नकार दिला. पर्यायी म्हणणं मांडायचं, की शून्य नसलाच तर तो लबाडीनं घेतलेला आहे, रद्द करून द्या. आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद 59 प्रमाणे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. आमच्यासाठी ही तीन वर्षं ऑगस्ट 2019 पासून सुरू झाली, कारण महाभूलेखवर बघितलं ती रात्र आणि नकला काढल्या त्या पावत्यांच्या तारखा जुळत होत्या.

मधे मी स्वतःच्या मनानं प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध अपील केलं होतं, विलंब माफीच्या अर्जासह. तिथे एवढंच कळलं की दस्त नोंदणीकृत आहे, तो खरा की खोटा हे महसूल खातं ठरवत नाही, दिवाणी न्यायालयात जा. एक उपयोग मात्र झाला. महामार्गाच्या मोबदल्यावर मी लेखी हरकत दिली. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-एच प्रमाणे पैसे कुणाला द्यायचे यावर वाद असेल तर सक्षम प्राधिकाऱ्यानं तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा असतो. तसा तो गेला आणि रक्कम तिथे जमा राहिली.

नातेवाइकांतले काहीजण म्हणाले, फौजदारी कर, 420 लाव, दोन दिवसांत सरळ येईल. मी नाही केली. भाऊ आत बसलेला बघायला मी दावा लावत नव्हते.

दावा लिहिणं हे मला सगळ्यात अवघड गेलं. मला वाटत होतं, फसवणूक झाली असं लिहायचं की झालं. वकीलबाईंनी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6, नियम 4 दाखवला. लबाडीचा आरोप असेल तर तपशील द्यावाच लागतो. कोण, कधी, कुठे, कोणत्या शब्दांत काय बोललं. मोघम आरोपाला कोर्टात काही किंमत नाही. त्यांनी मला कोरी वही दिली आणि म्हणाल्या, त्या दिवशी सकाळी उठल्यापासूनचं लिहून आणा. मी लिहिलं. पोहे लिहिले, पेन्सिलीच्या फुल्या लिहिल्या, उसाचा रस लिहिला. टपरीवर दादाचे शब्द नेमके काय होते यावर मी दोन रात्री घालवल्या. "चौघांची नावं लागतील" एवढं मला खात्रीनं आठवत होतं, तेवढंच ठेवलं. त्यापुढचं अंधुक आठवत होतं, ते त्यांनी खोडलं. "उलटतपासणीत जे टिकणार नाही ते आत्ताच काढू." माझ्या अख्ख्या दाव्यात हे सगळ्यात शहाणपणाचं काम होतं असं मला वाटतं.

मेसेज जुन्या फोनमध्ये होता. त्याची काच फुटली म्हणून मी नवा घेतला होता आणि जुना मुलानं कपाटाच्या खणात टाकला होता. चार्जरच्या वायरी, जुनी पेनं आणि रिकामी कंपासपेटी यांच्यात तो सापडला. चार्जिंगला लावला, वीस मिनिटं काही झालं नाही, मग पडदा उजळला. फुटलेल्या काचेच्या रेघा दादाच्या नावावरूनच गेल्या होत्या. मेसेज होता. त्याच्या छापील प्रती तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब च्या प्रमाणपत्रासह, म्हणजे प्रत मूळ मेसेजचीच आहे अशा लेखी खात्रीसह, दिल्या. जालना जिल्ह्यातल्या एका निवडणूक याचिकेत जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रमाणपत्र किती आवश्यक आहे ते पक्कं केलं. वकीलबाईंनी त्याआधीच ते जोडलेलं होतं. फोन मी बंद पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवला.

जानेवारी 2020 मध्ये दावा दाखल झाला. हक्कसोडपत्र रद्द व्हावं, माझा एक चतुर्थांश हिस्सा वाटप होऊन स्वतंत्र ताबा मिळावा. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतात, म्हणून प्रतिवादी एक दादा, दोन आई, तीन आक्का. समन्सवर आईचं नाव प्रतिवादी म्हणून वाचलं तेव्हा मी शाळेत होते. चौथीचा वर्ग होता, मी मुलांना पाढे लिहायला लावले आणि खिडकीपाशी उभी राहिले.

निशाणी 5 चा अर्ज, म्हणजे दावा चालेपर्यंत जमीन विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाई, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाला. जमिनीवर दावा चालू आहे हे घेणाऱ्याला कळावं म्हणून दाव्याची नोटीसही वकीलबाईंनी नोंदवून घेतली. नंतर टाळेबंदी आली आणि कोर्टाचं बहुतेक काम थांबलं. ती दोन वर्षं मी पटकन सोडून देते. तारखा पडल्या, एवढंच.

दादाची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली त्यात दोन मुद्दे होते. पहिला, मी शिकलेली आहे, वाचता येतं, दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल केला, आता माघार घेता येणार नाही. दुसरा, दादा काही बोललाच नाही, दस्तलेखनिकानं कागद दिला, बहिणींनी सह्या केल्या, आणि गप्प राहणं म्हणजे लबाडी नव्हे. हे दोन्ही मुद्दे हवेतले नव्हते. कलम 17 च्या स्पष्टीकरणात खरंच तसं आहे, की नुसतं मौन ही लबाडी नाही, बोलण्याचं कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. आणि कलम 19 ला एक अपवाद आहे. चुकीची माहिती किंवा लबाडीचं मौन यामुळे संमती दिली असेल, पण साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. दादाचे वकील मला त्या अपवादात बसवायला बघत होते. दादा गप्प होता असं ठरलं की प्रश्न उरतो, बाई, तुम्ही वाचलं का नाही?

त्यामुळे तो मेसेज महत्त्वाचा होता. दादा गप्प नव्हता. त्यानं तीन दिवस आधी लेखी सांगितलं होतं की सह्या वारसनोंदीच्या आहेत. जाणूनबुजून खोटं सांगून संमती घेतली असेल, तर "तुम्ही वाचायला हवं होतं" हा बचाव त्या अपवादात बसत नाही. फसवणाऱ्यानं "तू माझ्यावर विश्वास का ठेवलास" असं विचारायचं नसतं, हे कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसातून बाहेर पडून बराच वेळ चालत राहिले. तोवर दोषी मीच आहे असं मला वाटत होतं.

माझी उलटतपासणी नोव्हेंबर 2022 मध्ये झाली. दीड तास.

"तुमचं शिक्षण?"

"डी.एड."

"मुलांना धडा वाचून, समजून घ्यायला शिकवता?"

"हो."

"न वाचता उत्तरं लिहू नका असंही सांगता?"

"सांगते."

"मग तुम्हाला दस्त वाचायला कुणी मनाई केली होती?"

"नाही."

वकीलबाईंनी मला बजावलं होतं, जे खरं आहे ते छोटं सांगा, सफाई देऊ नका. म्हणून मी "नाही" म्हणून थांबले. कोर्टात शांतता झाली. मग ते म्हणाले, भावानं तुम्हाला काहीही खोटं सांगितलं नव्हतं, तुम्ही राजीखुशीने हक्क सोडलात आणि महामार्गाचे पैसे दिसल्यावर फिरलात. मी म्हटलं, "मला सोडायला सांगितलंच नव्हतं. वारस लावायला बोलावलं होतं." जबाबात ते असं उतरलं, "हे म्हणणे खरे नाही की, मी राजीखुशीने हक्क सोडला." दोन नकारांचं ते वाक्य मी जबाबाखाली सही करण्याआधी तीनदा वाचलं. लघुलेखक थांबून राहिले, पण कुणी घाई केली नाही.

लेखी, नोंदणीकृत कागदाविरुद्ध तोंडी पुरावा चालतो का, हा प्रश्नही निघाला. एरवी चालत नाही. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 92 मध्येच परंतुक, म्हणजे अपवाद, होता, की लबाडीनं दस्त झाला हे सिद्ध करायचं असेल तर तोंडी पुरावा देता येतो. भार मात्र आरोप करणाऱ्यावर. नोंदणीकृत दस्त खरा आहे हे गृहीत धरून कोर्ट सुरुवात करतं, आणि ते हलवायला नुसता संशय पुरत नाही.

ते हललं चुलत्यांच्या साक्षीत. दादानं त्यांना आपला साक्षीदार म्हणून आणलं होतं. सत्तरीचे गृहस्थ, माळकरी. सरतपासात, म्हणजे दादाच्या बाजूनं साक्ष देताना, त्यांनी लिहून आणल्याप्रमाणे सांगितलं, दस्त सर्वांना वाचून दाखवला, मग सह्या झाल्या. वकीलबाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. विचारलं, कुणी वाचला? ते म्हणाले, लेखनिकानं. कुठे उभं राहून? टपरीत. टपरीत तुम्ही होतात? त्यांनी दादाकडे बघितलं, मग गळ्यातल्या माळेला हात गेला. "मी गाडीपाशी होतो. मला आत बोलावलं ते ओळख द्यायला." मग वाचलेला तुम्ही ऐकला? बराच वेळ गेला. "नाही ऐकला," ते म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "पोरी वारस लावायला आल्या होत्या." हे वाक्य न्यायाधीशांनी जसंच्या तसं टिपायला सांगितलं.

जाताना व्हरांड्यात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काही नाहीत. दादा तिथेच होता, जिन्याच्या कठड्याला धरून.

त्यानंतर दीड महिन्यानं त्याच्या वकिलांकडून तडजोडीचा निरोप आला. मी नाही म्हणू शकले असते. निकाल आमच्या बाजूनं लागण्याची शक्यता चांगली होती. पण वर अपील, त्यावर आणखी अपील, आणि आई ऐंशीची झाली होती. डिसेंबर 2023 च्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड पुरशिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, झाली. हक्कसोडपत्र रद्द. चौघांना सारखा हिस्सा, प्रत्येकी एक चतुर्थांश. महामार्गाची रक्कमही त्याच प्रमाणात. उरलेल्या जमिनीतला माझा भाग दादा बटाईनं करणार, अर्धा वाटा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे पॅनेलनं आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. आई प्रत्येक पानावर सही करण्याआधी माझ्याकडे बघत होती. पाच वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाकावर बसलो होतो. मी तिला विचारलं नाही की त्या दिवशी तुला माहीत होतं का. तिनंही सांगितलं नाही.

आक्काचं मला आधी कळत नव्हतं. दाव्यात ती शेवटपर्यंत गप्प राहिली, कैफियतसुद्धा दिली नाही. माहेर तुटेल म्हणायची. माझ्याशी फोनवर बोलायची, पण दाव्याचा विषय निघाला की पोरांच्या चौकशा करायची. तडजोडीच्या वेळी मात्र एकच म्हणाली, "माझं नाव लागू दे." 2024 च्या मार्चमध्ये नवा फेरफार प्रमाणित झाला आणि सातबाऱ्यावर चौघांची नावं आली, कंसाशिवाय. मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला आणि आक्काला नेऊन दिला. तिनं त्याला प्लास्टिकचं वेष्टण करून घेतलं आणि देवघराच्या फळीवर ठेवला.

मे महिन्यात तिचा फोन आला. तिला तिचा हिस्सा दादाला द्यायचा होता. मी रागावले. एवढं सगळं केल्यावर? आक्का म्हणाली, "तवा त्यानं घेतलं. आता मी देतीया." तिचा मुलगा पुण्यात नोकरीला, शेत करणारं कुणी नाही, आणि दादाच्या थोरल्याचं बरं चाललेलं नव्हतं. मला अजूनही वाटतं की तिनं घाई केली, निदान अर्धा तरी ठेवायला हवा होता. पण तो निर्णय तिचा होता, आणि ह्या वेळी कुणी तिला चुकीचं सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही परत त्याच कार्यालयात गेलो. तोच कागद, तेच दोनशे रुपये मुद्रांक शुल्क, तेच "बंधूप्रेमापोटी". आक्कानं मला ओळख द्यायला नेलं होतं. मी तिथल्या बाकावर बसून तिला सगळा दस्त मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक ओळ, आणि ती प्रत्येक परिच्छेदानंतर विचारायची, म्हणजे काय गं? "लग्नात पुरेसा खर्च केलेला आहे" हे वाक्य तिनं काढायला लावलं. लेखनिक कुरकुरला, पण काढलं. दादा दाराशी उभा होता. आमचा क्रमांक पुकारला तेव्हा शिपाई आत यायची घाई करत होता. आक्का जागची हलली नाही.

"थांबा की सायेब," ती म्हणाली, "अजून दोन पानं राहिल्यात."